विवर्धकातील विरूपण : प्रारंभीच्या पाच दशकांचा मागोवा

संकेताचा परमप्रसर, म्हणजे त्याच्या दोलनाची कमाल उंची, वाढवण्याची सोय निर्वात नलिकांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच करून दिली होती. मात्र वाढताना संकेताचा आकार बिघडतो, हे विरूपण खऱ्या अर्थाने जाचू लागले ते लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत. परमप्रसर मोठा झाला की नलिकेतून येणारा संकेत मूळ संकेताच्या प्रमाणात राहत नाही, त्याची शिखरे चेपली जातात आणि मुळात नसलेल्या वारंवारता निर्माण होतात. त्यामुळे एकाच तारेवरून अनेक संभाषणे पाठवली की एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळे आणि मार्गातील प्रत्येक विवर्धक त्यात भर घाली.

बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक यांना यावरचा उपाय २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडताना नावेतच सुचला आणि त्यांनी तो हातातील 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावर मांडला. बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही अंश उलट करून आत परत द्यायचा, हे त्याचे सार होते. या ऋण प्रतिसंभरणात विवर्धन शंभरपट घटले, तर विरूपणही साधारण तितकेच घटते. हाती आलेली वाढ मुद्दाम सोडून देण्याची ही कल्पना इतकी विपरीत वाटली, की तिचे एकस्व मिळायला १९३७ साल उजाडले. परत दिलेला संकेत उशिरा पोहोचला तर विवर्धक स्वतःच दोलायमान होतो. ही मर्यादा नेमकी कोठे येते, ते हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये गणिताने दाखवले.

ट्रान्झिस्टरने मात्र विरूपणाची जागाच बदलली. संकेताचे धन आणि ऋण अर्ध दोन ट्रान्झिस्टरांत वाटून दिले, की शून्याजवळ दोघेही क्षणभर जवळजवळ बंद राहतात. ही खोट जवळपास ठरावीक मापाची असल्याने परमप्रसर जितका लहान, तितका तिचा वाटा मोठा, आणि नेमक्या त्याच क्षणी विवर्धन घटल्यामुळे प्रतिसंभरणही दुबळे पडते. म्हणून ट्रान्झिस्टरांतून सतत थोडा प्रवाह वाहता ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पुढे १९७० मध्ये मॅटी ओटाला यांनी संकेत फार वेगाने बदलला तर प्रतिसंभरण वेळेत न पोहोचल्यानेही विरूपण होते, याकडे लक्ष वेधले.

या वाटचालीतून इतके स्पष्ट झाले, की विरूपणाची एकच टक्केवारी अपुरी ठरते. ती कोणत्या परमप्रसराला व कोणत्या वारंवारतेला मोजली, हे सांगितल्याशिवाय दोन विवर्धकांची तुलना होऊ शकत नाही.