पंखा बंद पडल्यावर

वैशाखांत नाशिकचा पारा ४० अंशांपर्यंत चढतो. अशा दुपारीं पंखा थांबला, कूलर बिघडला, आणि कारागीर उद्यांचा वायदा करून गेला, म्हणजे घरांतील मंडळींचा धीर सुटतो. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस असल्यामुळें येथील उन्हाळी हवा कोरडी असते, हा तिचा गुण अशा वेळीं कामास येतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सभोंवारची सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. हवा जितकी कोरडी, तितकी ही वाफ जलद. माठांतील पाणी गार होतें तें याच कारणानें. म्हणून माठ कोंदट कोपऱ्यांत ठेवणें व्यर्थ. तो वाऱ्याच्या वाटेवर हवा. कूलर म्हणजे तरी काय? ओली जाळी आणि पंखा! वाळ्याचा ओला पडदा वारा येणाऱ्या खिडकीस लावून समोरची खिडकी किंचित् उघडी ठेवावी. गोदाकांठच्या जुन्या वाड्यांत चौकामुळें ही सोय आपोआप होई. सदनिकेंत ती मुद्दाम करावी लागते. सर्व दारें लावून फरशीवर पाणी शिंपीत बसल्यास हवा दमट होते व घाम वाळत नाहीं. दमट मुंबईंत हा पडदाही फारसा उपयोगी नाहीं.

खरी काळजी वृद्धांची व तान्ह्या मुलांची. अंग भाजत असून बोलणें असंबद्ध झालें, तर तो साधा थकवा नव्हे, उष्माघात होय. मग घाम येत असला तरीही. रोग्यास सावलींत निजवून अंगावर पाणी ओतावें, जोरानें वारा घालावा, आणि त्याच वेळीं रुग्णालयांत नेण्याची तजवीज करावी. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडांत मात्र पाणी घालूं नये.