जाळीचे बारा थर

लग्नसराईत नवी मुंबईतल्या कुठल्याही लेडीज टेलरकडे लेहेंगा शिवायला टाका, ‘कॅन-कॅन लावायचं का?’ हा प्रश्न ठरलेला. घेर फुगून उभा राहावा म्हणून अस्तराच्या आत कडक जाळीचे थर लावतात, ते हे कॅन-कॅन. पहिल्या वाढदिवसाचा परीचा फ्रॉक, स्नेहसंमेलनातले गुलाबी स्कर्ट, रिसेप्शनचा गाऊन, सगळ्यांच्या पोटात हीच जाळी असते. आणि या जाळीकडून सगळ्यात अवघड काम करून घेणारा कपडा म्हणजे बॅले नर्तिकेचा टुटू.

टुटूकडे आपण नाजूक, गोड, स्वप्नातला स्कर्ट म्हणून बघतो. माझ्या लेखी तो आधी कामाचा कपडा आहे. त्याची लांबी पायांनी ठरवली, रंग दिव्यांनी आणि पोत यंत्राने. फॅशनने त्याच्याकडून भरभरून घेतलं, पण बहुतेक वेळा आकार घेतला आणि बांधणी तिथेच ठेवली.

१८२२ साली पॅरिस ऑपेरात गॅसचे दिवे आले. उजेड वाढला आणि तो हवा तसा कमी-जास्त करता येऊ लागला, म्हणजे रंगमंचावर चांदणं पाडता येऊ लागलं. त्या चांदण्यात पांढरं, पातळ कापड उजळून निघे. १२ मार्च १८३२ रोजी ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताल्योनी असा पांढरा, घोळदार, पोटरीपर्यंत येणारा स्कर्ट नेसून उभी राहिली. नृत्य तिच्या वडिलांनी, फिलिप्पो ताल्योनी यांनी बसवलं होतं. पायाच्या बोटांच्या टोकावर तोलून नाचणारी ती पहिली नव्हे, पण त्या तोलातली मेहनत लपवून त्यातून तरंगण्याचा भास उभा करणारी तीच. घोटा आणि पाऊल दिसलं नाही तर हा भास प्रेक्षकापर्यंत पोचणार कसा? म्हणून स्कर्ट वर गेला. याला पुढे रोमँटिक टुटू म्हणू लागले. १८४१ मधल्या ‘जिझेल’च्या दुसऱ्या अंकात तो आजही दिसतो.

जाळीची गोष्ट इंग्लंडमधली. हाताने विणलेली लेस श्रीमंतांनाच परवडे. जॉन हीथकोटने १८०८ आणि १८०९ मध्ये बॉबिननेट यंत्राची पेटंटं घेतली आणि षटकोनी घरांची बारीक जाळी यंत्रावर निघू लागली. रोजगार जाण्याच्या धास्तीने संतापलेल्या लडाइट कामगारांनी १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या गिरणीत शिरून पन्नासहून अधिक यंत्रं फोडली. हीथकोटने गाव सोडलं आणि डेव्हनमधल्या टिव्हर्टनला नवी गिरणी उभारली. त्याच्या नावाची कापड कंपनी तिथे अजून चालू आहे. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ यानाच्या पॅराशूटचं कापड तिथलंच होतं. वजनाला हलकं आणि ताणाला पक्कं कापड बनवण्याचा ध्यास दोन शतकांनंतरही त्या गिरणीने सोडलेला नाही.

टुटूचा एक काळ मात्र वाचताना मन विषण्ण होतं. उघड्या ज्योतीचे दिवे आणि हवेने फुगणारा सुती मलमलीचा घेर यांची गाठ रोज रात्री पडे. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या नाट्यगृहात कपडे पेटून नर्तिका होरपळून गेल्या. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्हरी हिच्या स्कर्टला १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत दिव्याची ज्योत लागली. आठ महिने वेदना सोसून ती जुलै १८६३ मध्ये गेली, तेव्हा तिला एकविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कापड पेटू नये म्हणून ते रसायनात बुडवण्याची पद्धत तेव्हा आलेली होती, फ्रान्समध्ये तशी सक्तीही होती. पण त्याने कापड कडक आणि पिवळट होई, म्हणून एमाने नकार दिला होता. तिच्या जळक्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपलेले आहेत.

हे वाचल्यापासून दिवाळीत पणत्यांभोवती नायलॉन नेटच्या फ्रॉकमध्ये बागडणारी पोरं बघवत नाहीत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. एवढ्या सोहळ्यापुरता तरी मुलांना अंगाबरोबरचा सुती कपडा घालावा.

एमा गेल्यानंतरच्या दशकांत बॅलेचं तंत्र अवघड होत गेलं आणि स्कर्ट आखूड. १८८० च्या दशकात इटालियन नर्तिका रशियात पोचल्या. व्हर्जिनिया झुक्कीने लांब स्कर्टात नाचायला नकार देऊन तो कापायला लावल्याचं सांगतात. १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरीना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. गुडघा कुठे वळतो, मांडी कुठून उचलली जाते हे दिसल्याशिवाय अशा गिरकीची किंमत कळत नाही. म्हणून टुटू कमरेशी आला, आडवा झाला आणि विसाव्या शतकात पोलादी कडीच्या आधाराने थाळीसारखा सपाट पसरला.

हा सपाट टुटू उलटा करून बघावा. आत एक चड्डी असते आणि जाळीचे सगळे थर तिच्यावरच शिवलेले असतात. थर साधारण दहा-बारा. सर्वात खालचा जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा, प्रत्येक वरचा थर थोडा लांब, आणि शेवटचा ३५ ते ४० सेंटीमीटरचा. खालचा आखूड थर वरच्या लांब थराला टेकू देतो, म्हणून घेर झुकत नाही. मधल्या एका थरात पोलादी पट्टी सरकवलेली असते. मग थर एकमेकांना सैल टाक्यांनी बांधतात. टाका घट्ट पडला की घेर दगड होतो, फार सैल पडला की थर विस्कटतात. या टाक्याला हात मुरलेला लागतो. चड्डी आणि चोळी यांच्या मध्ये कमरेला बसणारी रुंद पट्टी असते, ती बास्क. चोळी आठ-दहा कळ्यांची, आतून हाडं घातलेली. पाठीवर चेन नाही, हुकांच्या दोन-तीन रांगा. म्हणजे तोच पोशाख वेगळ्या मापाच्या नर्तिकेलाही होतो, आणि चेन अडकून प्रयोग थांबण्याची भीती नाही. एका टुटूला दहा-पंधरा मीटर जाळी सहज लागते. ठेवायचा तो उलटा किंवा आडवा, नाहीतर वजनाने घेर उतरतो.

बार्बरा करिन्स्काचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. खारकीव्हमध्ये जन्मलेल्या या बाईंनी न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलनशीनसाठी अनेक दशकं पोशाख शिवले. त्याच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेत रंगमंच नर्तिकांनी गच्च भरायचा, कड्या एकमेकींवर आपटायच्या आणि घेर वर उडायचे. करिन्स्काने १९५० मध्ये कडीच काढून टाकली, थर कमी केले आणि ते सैल टाचले. त्याला पावडर-पफ टुटू म्हणतात. नाच बघून कापड बदलणारी अशी शिवणकर्ती मला कुठल्याही फॅशन डिझायनरइतकीच मोठी वाटते.

आणि टुटूला दुसरी बाजू आहे, ती जोडीदाराची. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमीरुद्दीन शाह मुंबईतल्या डान्सवर्क्समध्ये येहुदा माओर यांच्या हाताखाली बॅले शिकला आणि २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये दाखल झाला. त्याच्या आणि त्याच्याबरोबर शिकलेल्या मनीष चौहानच्या प्रवासावरून सूनी तारापोरवाला यांनी २०२० मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. अशा मुलाला युगुलनृत्यात टुटूचाही अभ्यास करावा लागतो. समोरच्या नर्तिकेची पावलं त्याला नीट दिसत नाहीत, मध्ये जाळीचा कठडा असतो. कंबर धरायला किती अंतरावर उभं राहायचं ते घेर ठरवतो. कड एका अंगाला कलली तर तिचा तोल चालला हे तिथूनही कळतं. म्हणून तालमीत वेगळा, नुसत्या स्कर्टाचा टुटू वापरतात, दोघांना सवय व्हावी म्हणून.

फॅशनकडे वळलं की पहिलं नाव ख्रिस्तियां दिओरचं. १२ फेब्रुवारी १९४७ ला त्याने बारीक कंबर आणि भरघोस घेर पुन्हा आणला. घेराच्या आत जाळीचे थर होतेच, चोळीलाही आतून आधार होता. दिओरला बांधणी कळली होती. अमेरिकेत त्याआधीच, युद्धकाळात, डिझायनर क्लेअर मॅकार्डेलने बॅलेच्या सपाट चपला रोजच्या वापरात आणल्या होत्या, कारण चामड्याच्या बुटांवर रेशनिंग होतं. रोझ रेपेटोने १९५६ मध्ये ब्रिजित बार्दोसाठी केलेली सपाट चप्पल अजून विकली जाते. १९९८ मध्ये ‘सेक्स अँड द सिटी’च्या शीर्षकदृश्यात सारा जेसिका पार्करने घातलेला टुटू वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्डला पाच डॉलरच्या सवलतीच्या पेटीत मिळाला होता. २०२४ च्या लिलावात त्याला ५२ हजार डॉलर आले. आपल्या दीपिका पदुकोणने २०१९ मध्ये कानला घातलेला पोपटी, झालरींचा गाऊन हा त्याच जाळीचा वंशज.

नाचाचा पोशाख बाजारात येण्याची गोष्ट मराठी माणसाला अनोळखी नाही. लावणीची नऊवारी पाय मोकळे ठेवून अंग झाकते, टुटू पाय मोकळे करायला घेरच वर उचलतो. प्रश्न दोघींचा एक, उत्तरं वेगळी. आणि दादरला शिवलेली तयार नऊवारी मिळू लागली तेव्हा तिथेही आकार राहिला, नेसण्याची कला सुटली.

आपल्या भूमीशी बॅलेचं नातंही जुनं आहे. १९२८ मध्ये रशियन बॅले नर्तिका अ‍ॅना पावलोवाचा मुंबईतला प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला, पुढे दोघी एकाच बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि पावलोवाच्या सांगण्यावरून रुक्मिणीदेवी आपल्या मातीतल्या नाचाकडे वळल्या. कथ्थक नर्तिका मादाम मेनकांनी कथ्थकच्या बॅले उभ्या केल्या आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. टुटू न घालताही बॅले हा शब्द इथे रुजला.

आज खारघरमध्ये निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेचं मुंबई केंद्र आहे. हार्बर लाइनने मस्जिदला उतरलं की मंगलदास मार्केट, आणि हवी ती जाळी मीटरवर. कळ्यांचा घागरा, कॅनव्हास लावलेली चोळी, हुकपट्टी, आतलं हाड, हे इथल्या कारागिरांच्या रोजच्या हातातलं काम आहे. मला मनापासून वाटतं की टुटू इथेच शिवला जावा, आणि फॅशन शिकणाऱ्या मुलांनी निदान एक तरी जुना टुटू टाका-टाका उसवून पाहावा. अंगाच्या रंगाच्या नावाखाली गुलाबी मोजे चालवण्याची पद्धतही इथे मोडावी. हार्लेमच्या डान्स थिएटरने आपल्या नर्तिकांना त्यांच्या कातडीच्या रंगाचे मोजे आणि बूट १९७४ पासून दिले आहेत. बाकी शिकायचं उरतं ते बास्क कमरेला चोख बसवणं, थरांच्या लांबीचा उतार साधणं आणि रोजच्या घामाला पुरून उरेल अशी चोळी उभी करणं. घागऱ्याचा घेर जमिनीकडे सोडायची सवय असलेल्या हाताला तो आडवा धरून ठेवायला थोडा वेळ लागेल, पण जाळी, सुई आणि हात तिन्ही इथे आहेत.