ध्वनियंत्रांची पारख आणि परिचित ध्वनी

मडके विकत घेताना ते वाजवून घ्यावे, हा व्यवहार आपल्याकडे पूर्वापार चालत आला आहे. टिचकी मारली असता पक्के भाजलेले मडके खणखणते आणि तडा गेलेले बद्द वाजते. घेणारा हा निवाडा क्षणात करतो, कारण त्याने आयुष्यात अनेक चांगली मडकी वाजताना ऐकलेली असतात. समोरच्या ध्वनीची स्मरणातील ध्वनीशी केलेली तुलना, हेच पारखेचे स्वरूप होय.

लाउडस्पीकर वा हेडफोन पारखताना मात्र एक अधिकची अडचण उपस्थित होते. मडके स्वतःच्या आवाजाने वाजते. ध्वनियंत्र दुसऱ्याचा आवाज वाजविते. त्याचा स्वतःचा असा आवाज जितका कमी ऐकू येईल तितके ते चांगले. यास्तव ज्याचा आवाज ते वाजवीत आहे, तो ‘दुसरा’ आपल्या ओळखीचा असल्यावाचून यंत्राची पारख संभवत नाही. हा ओळखीचा ध्वनी कोणता असावा आणि त्याची ओळख कशा प्रकारची असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय वरवर हौशी रसिकांचा वाटला, तरी बोलींच्या अभ्यासकाचा त्याच्याशी निकटचा संबंध आहे. तो कसा, हे एका अनुभवावरून स्पष्ट होईल.

१. एक चुकलेले अनुमान

काही वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठच्या एका गावात प्रस्तुत लेखकाने एका वृद्ध स्त्रीचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. मुद्रणाचे लेखन करण्यासाठी हेडफोन घ्यावयाचे म्हणून नागपूरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने आपल्या पसंतीचे एक चित्रपटगीत लावले. वाद्यमेळ मोठा, तालवाद्यांचा दणका भरपूर. गाणे लेखकाने पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. ऐकून मन प्रसन्न झाले आणि हेडफोनची खरेदी झाली.

पुढे त्याच हेडफोनवर लेखन करताना असे दिसू लागले की, या स्त्रीच्या उच्चारात दंतमूलीय आणि तालव्य ‘च’ यांतील भेद नाही. प्रमाण मराठीत ‘चार गाई’ यातील संख्यावाचक ‘चार’ तालव्य आहे, तर ‘गाई चार’ या आज्ञेतील ‘चार’ दंतमूलीय आहे. लिपीत दोन्ही सारखेच. भेद केवळ उच्चाराचा. ‘जग’ या शब्दाचेही तसेच: सृष्टीवाचक ‘जग’ वेगळे आणि ‘शंभर वर्षे जग’ या आशीर्वादातील ‘जग’ वेगळे. हा भेद एखाद्या वक्त्याच्या बोलण्यातून लोपला असेल, तर ती नोंद महत्त्वाची ठरते. तशी नोंद झाली आणि निबंधाचा आराखडाही तयार झाला. सुदैवाने तो छापावयास देण्यापूर्वी गावी पुन्हा जाणे घडले. अंगणात समोरासमोर बसून ऐकताना दोन्ही ‘च’ स्वच्छ, वेगवेगळे ऐकू आले. भेद वक्तीच्या बोलण्यातून लोपला नव्हता. हेडफोनने तो पुसून टाकला होता.

याचे कारण ध्वनिशास्त्रात सापडते. या दोन व्यंजनांतील घर्षणाचा आवाज कंप्रतेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत पडतो. तालव्य उच्चारातील घर्षण साधारणपणे २,५०० हर्ट्झपासून पुढे प्रबळ असते. दंतमूलीय उच्चाराचे, तसेच ‘स’चे, घर्षण ४,००० हर्ट्झच्या वर अधिक असते. पूर्वीच्या दूरध्वनीतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. त्यामुळे नाव सांगताना ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोटाळा होई, हे अनेकांना आठवत असेल. आमच्या हेडफोनचा वरचा पट्टा असाच क्षीण होता आणि खालचा फुगविलेला होता. अनोळखी गाण्यात हे वैगुण्य कळणे शक्य नव्हते, कारण त्या गाण्यात मुळात काय होते हेच ठाऊक नव्हते.

२. परिचयाचे दोन प्रकार

‘परिचित संगीत’ या शब्दप्रयोगात दोन अर्थ मिसळले आहेत. ते वेगळे केले पाहिजेत. एक परिचय मुद्रणाचा, दुसरा मूळ ध्वनीचा. एखादे गीत आपण शेकडो वेळा ऐकलेले असते, परंतु ते घरच्या एकाच रेडिओवर. अशा वेळी आपल्या स्मरणात गाणे आणि रेडिओ दोन्ही एकजीव झालेले असतात. नवे यंत्र त्या रेडिओसारखे वाजले नाही की ते सदोष वाटते. प्रत्यक्षात सदोष रेडिओच असू शकतो.

जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या गायनाने झाला, असे सामान्यतः मानले जाते. १९२५ च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. त्या पद्धतीत अगदी खालचे आणि वरचे स्वर उतरतच नसत. अशा तबकडीवर प्रेम करणाऱ्या रसिकाचा परिचय तबकडीशी असतो. गायकाच्या प्रत्यक्ष आवाजाशी तो नसतोच. तथापि तिचाही एक उपयोग आहे. तबकडीची खरखर आणि ‘स’चे घर्षण बरेचसे एकाच पट्ट्यात असतात. ज्या यंत्रावर खरखर नाहीशी होऊन गाणे ‘गोड’ वाटू लागते, त्यावर शब्दांतील ‘स’ही नाहीसा झाला नाही ना, हे पाहावे. ग्रिअर्सन यांच्या देखरेखीखाली १९१३ ते १९२९ या काळात भारतातील भाषा-बोलींचे नमुने तबकड्यांवर उतरविले गेले. ते ऐकणाऱ्या अभ्यासकाला ही दक्षता अटळ आहे.

मूळ ध्वनीशी केलेली तुलनाही सावधपणेच केली पाहिजे. अमेरिकेत एडिसन यांच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे जाहीर प्रयोग केले. रंगमंचावर गायिका गात असे, मध्येच ती थांबे आणि यंत्र गाऊ लागे. कोण गात आहे हे श्रोत्यांना ओळखता येत नसे, असा कंपनीचा दावा होता. या प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितले की, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत होतो. यंत्र मूळ ध्वनीपर्यंत पोहोचले नव्हते. मूळ ध्वनीच यंत्राकडे झुकला होता.

३. परिचयाचा धोका

आता एक उलट आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ध्वनी फार परिचित असेल, तर कान उणीव भरून काढतो. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी एका ध्वनिमुद्रित इंग्रजी वाक्यातील ‘स’चा ध्वनी काढून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. जवळजवळ सर्व श्रोत्यांना शब्द पूर्णच ऐकू आला. कोणता ध्वनी गाळला आहे हे त्यांना सांगता येईना. भाषेच्या ज्ञानाने कानाची फसवणूक केली, असे म्हणावयास हरकत नाही.

संगीतातही असेच घडते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला, तर तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंप्रता सुमारे ६९ हर्ट्झ येते. छोट्याशा लाउडस्पीकरमधून एवढा खालचा स्वर जवळजवळ उमटतच नाही. तरीही त्याच्या दुपटीचे, तिपटीचे, चौपटीचे उपस्वर उमटत असल्याने मेंदू मूळ स्वराची कल्पना करतो आणि खर्ज ‘ऐकू’ येतो. स्वर कळतो, त्याचे वजन मात्र नसते. म्हणून ‘खर्ज ऐकू आला का?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘खर्ज भरला का?’ असे विचारले पाहिजे.

तिसरा धोका मोठेपणाचा. कानाची संवेदनक्षमता सर्व कंप्रतांना सारखी नसते आणि आवाजाच्या पातळीप्रमाणे ती बदलते, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखविले. आवाज वाढविला की खालचे स्वर अधिक भरदार भासतात. त्यामुळे दोन यंत्रांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र सरस वाटते, आणि ही युक्ती विक्रेत्यास चांगली ठाऊक असते.

४. निवड कशाची करावी

यावरून निवडीची कसोटी निघते: जो ध्वनी आपण यंत्राविना, प्रत्यक्ष आणि वारंवार ऐकलेला आहे, तो घ्यावा, आणि त्यातील कोणती गोष्ट तपासावयाची, हे आधीच ठरवावे.

पहिली निवड एकट्या मानवी आवाजाची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे ध्वनिसंक्षेपाची पद्धती घडवीत होते. तीच पुढे एमपी-थ्री या नावाने जगभर पसरली. त्यांच्या पद्धतीवर मोठे वाद्यमेळ बऱ्यापैकी उतरत; परंतु सुझान वेगा या गायिकेचे साथीविना म्हटलेले एक गीत पार बिघडून जाई. ते गीत त्यांनी पुन्हापुन्हा ऐकून पद्धतीत सुधारणा केल्या. कारण उघड आहे: वाद्यांच्या गर्दीत दोष लपतो, एकट्या आवाजात त्याला आडोसा नसतो.

दुसरी निवड तंबोऱ्याची. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावली की एकाच तारेतून उपस्वरांची मालिका उलगडत जाते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीच्या वैशिष्ट्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले होते. चांगल्या यंत्रावर हे उपस्वर एकामागून एक वेगळे कळतात; सामान्य यंत्रावर केवळ एक झणझण उरते.

तिसरी निवड खंजिरीची. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) भजनपरंपरेमुळे खंजिरी विदर्भातील गावोगावी पोहोचली आहे. भंडारा जिल्ह्यातील वाचकाला तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. हे वाद्य लहान असले तरी परीक्षक मोठे आहे. बोटांचा आघात, कातड्याचा घुमारा आणि धातूच्या चकत्यांची किणकिण हे तीन ध्वनी त्यात एका क्षणी निर्माण होतात. आघात बोथट झाला, घुमारा लांबला किंवा किणकिण वाळू चाळल्यासारखी वाटू लागली, तर यंत्रात कोठे उणे आहे ते लगेच कळते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा नाद ज्यांच्या कानात बसला आहे, त्यांना ही किणकिण पारखणे कठीण जाऊ नये.

चौथी निवड बोलीच्या अभ्यासकापुरती: शब्दांच्या जोड्या. ‘चार गाई’ आणि ‘गाई चार’ ही एक जोडी वर आलीच आहे. पूर्व विदर्भातील झाडीबोलीत, जिचा विस्तृत अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला आहे, ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चा ‘डोरा’ होतो. मूर्धन्य आणि अमूर्धन्य उच्चारांतील भेद मुख्यतः आवाजाच्या मधल्या पट्ट्यात, तिसऱ्या अनुनादाच्या चढउतारात, कळतो. म्हणून ‘च’च्या जोड्यांनी वरचा पट्टा तपासावा आणि ‘ण–न’, ‘ळ–र’ या जोड्यांनी मधला. युरोपीय प्रसारण संघाने १९८८ साली ध्वनिपरीक्षेसाठी एक तबकडी सिद्ध केली. तिच्यात वाद्यांबरोबर इंग्रजी, फ्रेंच व जर्मन भाषणाचे नमुने आहेत. त्या भाषांतील नमुन्यांनी आपला ‘ळ’ तपासला जाणार नाही. आपली कसोटी आपणच तयार करावयास हवी.

५. परीक्षेची रीत

घरातील ज्या व्यक्तीचा आवाज आपण रोज ऐकतो, तिच्याकडून वरील शब्दजोड्या शांत खोलीत म्हणवून घ्याव्यात व ते मुद्रण संक्षेप न करता जपून ठेवावे. मुद्रकाचा दोष श्रवणयंत्राच्या माथी मारला जाऊ नये, म्हणून हे मुद्रण तीनचार वेगवेगळ्या यंत्रांवर ऐकावे. जो दोष सर्वत्र आढळतो तो मुद्रणातील समजावा. त्याच्या जोडीला तंबोरा व खंजिरी यांचे एकेक चांगले व्यावसायिक मुद्रण ठेवावे.

दुकानात दोन यंत्रांचा आवाज प्रथम सारखा करून घ्यावा. तुकडे वीस-तीस सेकंदांहून मोठे नसावेत; आवाजाच्या सूक्ष्म पोताची स्मृती अल्पजीवी असते. कोणते यंत्र वाजत आहे हे आपणास कळू नये, अशी व्यवस्था सोबत्याकडून करून घ्यावी. ऐकताच शेरा लिहावा आणि किंमत त्यानंतर विचारावी. शेरा आपल्या भाषेतच लिहावा. खणखणीत, बद्द, घोगरा, किनरा, चिरका, भरदार, पिचका असे आवाजाच्या पोताचे शब्द मराठीत विपुल आहेत, आणि ते बोलणाऱ्याच्या अनुभवाला घट्ट चिकटलेले आहेत. अखेरीस पसंत केलेले यंत्र तासभर सलग ऐकावे. प्रथमदर्शनी चमकदार वाटणारे यंत्र तासाभरात कान थकवून सोडते.

श्रोत्याने आपल्या कानाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. माणसाच्या श्रवणाची कमाल मर्यादा २०,००० हर्ट्झ मानली जाते. ती वयोमानाने खाली येते. चाळिशी ओलांडलेल्या अभ्यासकाने शेवटची परीक्षा एखाद्या तरुण विद्यार्थ्याच्या कानावर सोपवावी, यात कमीपणा नाही.

त्या वृद्ध वक्तीचे मुद्रण आज नव्या हेडफोनवर ऐकताना तिचे दोन्ही ‘च’ आपापल्या जागी आहेत. मुद्रणात ते पहिल्या दिवसापासूनच होते. बोलींचे जुने वक्ते एकेक करून निघून जात आहेत. पुढील पिढीला त्यांचे अंगण नव्हे, मुद्रणच ऐकावयास मिळणार आहे. त्या वेळी चुकीचे ऐकणाऱ्याला दुरुस्त करण्यास समोर कोणी नसेल. यास्तव जे यंत्र आपण अभ्यासासाठी स्वीकारतो, ते स्वीकारण्यापूर्वी ओळखीच्या आवाजावर नीट वाजवून घेणे, हे संशोधनाचेच पहिले अंग समजले पाहिजे.