हॉटेलातलं गाणं फुकट नसतं
ॲपची वर्गणी भरली म्हणजे गाणं हॉटेलात वाजवायचा हक्क मिळाला, असं नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोसायटीच्या सभागृहात रहिवाशांसाठी गाणी लावायला सूट आहे; हॉटेलाला ती स्पष्ट नाकारली आहे. शिवाय हक्क दोन: शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्याचा परवाना सहसा आयपीआरएस ही संस्था देते, दुसऱ्याचा पीपीएलसारखी संस्था. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला. उशिराच, पण झाला. लग्नविधी, वरात आणि त्यांच्याशी निगडित समारंभांना कलम ५२ मध्ये सूट आहे. मात्र हॉटेलांतल्या लग्नांसाठी पैसे मागू नयेत, असं सांगणारं गोवा सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं. थर्टी फर्स्टच्या पार्टीला तर सूट नाहीच. परवाना आधी काढा.