गर्दींतील बाबागाडी

वऱ्हाडांत थंडी पडूं लागली म्हणजे शहरोशहरीं आनंदमेळे येतात. उंच रहाटपाळणा, मोटारसायकलवाल्याचा ‘मौत का कुआँ’, गुलाबी ‘बुढ्ढी के बाल’, शिट्ट्या आणि फुगे, यांनीं मुलांची मनें कशीं वेडावून जातात हें पालकांस सांगावयास नको. गतवर्षीं नाताळच्या सुट्टींत आम्ही घरच्या मंडळींसह अशाच एका मेळ्यास गेलों होतों. बरोबर आमची धाकटी बहीण व तिचें दीड वर्षाचें मूल होतें. बहीण पुण्याहून आलेली. मुलास बाबागाडींत बसवून हिंडण्याची तिला तेथें संवय झालेली. आंत जातांना कांहीं अडचण पडली नाहीं. परत निघतांना मात्र फाटकाशीं येणारांचा व जाणारांचा लोंढा समोरासमोर आला, विजेच्या तारांवर टाकलेल्या लांकडी फळींत गाडीचें पुढचें चाक अडकलें, आणि मागून रेटा सुरू झाला. एक बाई त्रासून म्हणाल्या, “अवो बाई, हे गाडी कायले आणली वो इथं?” आणखी चार माणसें तेंच बोलूं लागलीं. तेवढ्यांत शेजारच्या पाणीपुरीवाल्यानें हातांतलें काम टाकून मुलासकट ती गाडी डोक्यावर उचलली व कुंपणापलीकडील मोकळ्या जागेंत नेऊन ठेविली. मूल हसत होतें. आम्ही मात्र घरीं येईपर्यंत कोणीच कोणाशीं बोललों नाहीं.

त्या बाईंचा प्रश्न अगदींच अस्थानीं नव्हता. परंतु आमच्या मनांत दुसराच प्रश्न घोळूं लागला. चूक गाडीची कीं फाटकाची? त्या शोधांत जें वाचनांत आलें व जें आम्हीं मोजून पाहिलें, तें येथें सांगतों.

प्रथम गाडीचाच विचार करूं. बाबागाडीचा उगम इंग्लंडांतील समजतात. १७३३ सालीं विल्यम केंट नांवाच्या शिल्पज्ञानें डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं पहिली गाडी केली. ती माणसानें ढकलावयाची नसून लहानशा जनावरानें ओढावयाची होती. म्हणजे आपल्या दमणीचेंच तें एक बाळरूप म्हणावयाचें! पुढें दोनशें वर्षांनंतरही बाबागाडी ही जड व ऐसपैस वस्तूच राहिली. १९६५ सालीं ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमानविद्यातज्ज्ञानें छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या रचनेंत या गृहस्थांचा हात होता. आकाशांतून उतरतांना बाहेर निघणारीं व पुन्हां पोटांत मिटणारीं चाकें ज्यानें जुळविलीं, त्यालाच नातवंडांची गाडी मिटविण्याची युक्ति सुचावी, हें आम्हांस फार गोड वाटतें.

परंतु आईबापांना सोयी हव्यात, व सोयींबरोबर गाडी पुन्हां फुगत गेली. दोन मुलांची गाडी, सामानाचा कप्पा, वर छत. अमेरिकेंत वॉल्ट डिस्ने यांनीं १९५५ सालीं सुरू केलेलें डिस्नेलँड हें प्रचंड क्रीडोद्यान आहे. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ सालीं निघालेलें इमॅजिका त्याच जातीचें. डिस्नेच्या अमेरिकेंतील उद्यानांत या गाड्यांची इतकी दाटी झाली कीं १ मे २०१९ पासून तेथें नियम करावा लागला. ७९ सेंटिमीटरांहून रुंद अथवा १३२ सेंटिमीटरांहून लांब गाडी आंत आणावयाची नाहीं, व चार चाकांचे ओढावयाचे गाडे तर मुळींच नाहींत. तेथेंही पुष्कळ आईबाप यावर रुष्ट झाले.

विद्यार्थ्यांनीं येथें पाटी घ्यावी. ७९ ला १३२ नें गुणिलें असतां एक चौरस मीटराहून किंचित् अधिक क्षेत्र येतें. ही नियमांत बसणारी सर्वांत मोठी गाडी. मागें ढकलणारें माणूस निराळें. दाट पण अजून हलूं शकणाऱ्या गर्दींत एका चौरस मीटरांत सुमारें चार माणसें मावतात. म्हणजे एक गाडी व एक आई मिळून चार-पांच माणसांची जागा घेतात. तेंच मूल कडेवर असेल तर जवळजवळ कांहींच अधिक जागा लागत नाहीं. आपल्या आयाबाया पिढ्यान्‌पिढ्या जत्रेस मूल कडेवर नाहीं तर बापाच्या खांद्यावर नेत आल्या, यांत गरिबी जशी होती तसें शहाणपणही होतें. तथापि कडेवरचें मूल दोन तास वागविणें ही सोपी गोष्ट नव्हे. हात भरून आला म्हणजे आई मुलास खालीं उतरविते, आणि खरा धोका तेथें सुरू होतो.

तो कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे. गर्दींत माणसें पायांखालीं तुडवून मरतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळ वेळां तसें होत नाहीं. एका चौरस मीटरांत सहा-सात माणसें झालीं म्हणजे कोणाचेंच अंग कोणाच्या ताब्यांत राहत नाहीं. जॉन फ्रुइन या अमेरिकन स्थापत्यशास्त्रज्ञानें या विषयाचा अभ्यास करून दाखविलें आहे कीं अशी गर्दी पाण्यासारखी वागूं लागते; मागल्या टोंकाचा लहानसा धक्का लाटेसारखा पुढें जातो व पुढच्या टोंकास त्याचा प्रचंड दाब होतो. श्वास घेतांना छाती फुगावी लागते; चहूंकडून दाब असला तर ती फुगत नाहीं, आणि माणूस उभ्याउभ्याच गुदमरतो. मागच्यांना पुढें काय चाललें आहे तें दिसत नाहीं, म्हणून ते ढकलीतच राहतात. त्यांच्या मनांत दुष्टपणा नसतो.

आतां पांच वर्षांचें मूल घ्या. उंची सुमारें ११० सेंटिमीटर. म्हणजे त्याचें तोंड मोठ्या माणसांच्या पोटाशीं किंवा कंबरेशीं येतें. वरची हवा त्यास मिळत नाहीं, आणि त्याचें रडणें वर कोणास ऐकूं जात नाहीं. बाबागाडींतील मूल तर याहूनही खालीं असतें. गाडीचा सांगाडा थोडा वेळ त्याच्याभोंवतीं भिंतीसारखा उभा राहतो खरा, परंतु मागून येणारा माणूस त्याच गाडीस अडखळून पडतो, त्याच्यावर दुसरा, आणि मग ढीग होतो.

म्हणून गाडी नको, असा निकाल लागला काय? आमच्या मतें नाहीं. दर मिनिटास एका वाटेनें किती माणसें जाऊं शकतात याचें गणित ठरलेलें आहे. इंग्लंडांत क्रीडांगणांसाठीं जें सुरक्षिततेचें मार्गदर्शक पुस्तक वापरतात, त्यांत सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरामागें मिनिटास ८२ माणसें व जिन्यावर ६६ माणसें असा हिशेब धरलेला आहे. याहून जास्त लोक त्या वाटेंत शिरले कीं ते सांचूं लागतात. समोरून उलट प्रवाह आला, किंवा कडेला खेळणींवाला बसला, तर हाही आंकडा घसरतो. आमच्या त्या मेळ्याचें फाटक दोन मीटरांचें असेल. त्यांतूनच येणें व त्यांतूनच जाणें. तिकिटाची खिडकी त्याला लागून, आणि खिडकीपुढें रांग आडवी उभी. आमच्या बहिणीच्या गाडीनें त्या गर्दीस फक्त तोंड फोडलें. फोड आधींच पिकला होता.

हें आम्ही बहिणीची कड घेऊन बोलत नाहीं. इतिहास हेंच सांगतो. १६ जून १८८३ रोजीं इंग्लंडांत संडरलँड गांवीं व्हिक्टोरिया हॉलमध्यें मुलांसाठीं जादूचे खेळ होते. वरच्या सज्ज्यांत सुमारें ११०० मुलें होतीं व त्यांच्याबरोबर मोठीं माणसें अगदीं थोडीं. शेवटीं खालीं व्यासपीठावरून बक्षिसें वांटूं लागले. आपल्याला मिळणार नाहींत या भीतीनें वरचीं मुलें जिन्यानें खालीं धांवलीं. जिन्याच्या पायथ्याचें दार आंत उघडणारें होतें, व एका वेळीं एकच मूल जाईल एवढीच फट ठेवून तें अडसरानें बंद केलेलें होतें. १८३ मुलें त्या दारामागें गुदमरून मेलीं. सर्वांत लहान तीन वर्षांचें. तेथें बाबागाडी एकही नव्हती. या प्रसंगानंतर सार्वजनिक इमारतींचीं दारें बाहेर उघडणारीं असावींत हा विचार तेथें दृढ झाला, आणि १८९२ सालीं रॉबर्ट ब्रिग्ज यानें अंगाचा नुसता दाब पडतांच उघडणाऱ्या अडसराचा हक्क नोंदविला. आजच्या चित्रपटगृहांच्या दारांवर जी आडवी दांडी दिसते तिचें मूळ तेथें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत २५ जानेवारी २००५ रोजीं वाईजवळील मांढरदेवी येथें काळूबाईच्या यात्रेंत २९० हून अधिक माणसें मेलीं. डोंगरावरची अरुंद वाट, दोहों बाजूंस दुकानें, नारळाच्या पाण्यानें निसरड्या झालेल्या पायऱ्या. त्यांत पुढचीं माणसें पडलीं, मागच्यांना कळलें नाहीं, आणि पुढें दुकानांना आग लागली. विदर्भांत तर २३ नोव्हेंबर १९९४ चा दिवस कोणी विसरणार नाहीं. नागपुरास विधानभवनाजवळ आपल्या मागण्या घेऊन आलेल्या गोवारी बांधवांच्या मेळाव्यांत, पोलिसांच्या लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरींत ११४ जण मेले. त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. तेथील उड्डाणपुलास त्यांच्या स्मरणार्थ नांव दिलेलें आहे. शाळेच्या सहलीस त्या वाटेनें जाणें झालें तर मुलांनीं तें नांव वाचावें.

वाट रुंद करतां येत नसेल तर काळ रुंद करावा, हा दुसरा उपाय, आणि तो आपल्या वऱ्हाडानें फार पूर्वींच शोधून ठेविला आहे. चांदूर बाजार तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं बहिरमची यात्रा भरते. ती डिसेंबरच्या उत्तरार्धांत सुरू होऊन महिन्याहून अधिक चालते. लोक आपापल्या सोयीनें येतात, चुली मांडतात, रोडगे भाजतात, दिवसभर राहून परत जातात. रविवारीं दाटी होतेच, परंतु सर्व जिल्हा एकाच दिवशीं लोटत नाहीं. याच्या उलट अकोल्याचा श्रावणांतील शेवटचा सोमवार. गांधीग्रामहून पूर्णेचें पाणी घेऊन निघालेल्या कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे एकाच दिवशीं जुन्या शहरांत शिरतात. ज्याचा जो नेम तो त्यानें पाळावा. परंतु त्या दिवशीं तान्हें मूल घेऊन अकोल्याच्या त्या गल्ल्यांत ज्यांस कारणाशिवाय जावयाचें असेल त्यांनीं मंगळवारीं जावें. शेगांवीं सेवाधारी मंडळी रांग कशी शांतपणें हलवितात हेंही पाहण्याजोगें आहे. आरडाओरड न करतां, हात जोडून, ‘माउली, पुढें चला’ एवढ्यावर हजारों माणसें पुढें सरकतात.

मूल हरवण्याविषयीं दोन शब्द. बारा वर्षांचा येशू वल्हांडणाच्या गर्दींत यरुशलेमेंत मागें राहिला, आणि तो सोबत्यांत असेल असें समजून योसेफ व मरीया एक दिवसाची वाट चालून गेलीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. ‘तुमच्याजवळ असेल’, ‘मला वाटलें काकांजवळ आहे’, या दोन वाक्यांत आजही मुलें हरवतात. निघतांनाच कोणाचें मूल कोणाच्या हातीं तें नांव घेऊन ठरवावें. भेटावयाची एक खूण ठरवावी, व ती खूण फाटक नसावी. कारण सर्वांत अधिक गर्दी तेथेंच असते. मुलाच्या खिशांत घरचा दूरध्वनि क्रमांक लिहून ठेवावा. आणि रेटा वाढूं लागला, म्हणजे परक्याचें अंग दोहों बाजूंनीं एकदमच लागूं लागलें, कीं मूल उचलून घ्यावें, गाडी मिटवावी, ती मिटत नसेल तर टाकून द्यावी, आणि लोंढ्याच्या विरुद्ध न जातां तिरपें तिरपें कडेला सरकावें.

आतां घरची गोष्ट. वरील ८२ चा हिशेब हातीं आल्यावर आम्हीं नववीच्या मुलांकडून आमच्याच सभागृहाचीं दारें मोजविलीं. मोठें दार १.८० मीटर, बाजूचें १.२० मीटर. दोन्ही पूर्ण उघडीं असतील तर मिनिटास २४६ माणसें बाहेर पडतील, आणि ८०० माणसें सव्वातीन मिनिटांत. हें गणित करून मुलें खुश झालीं. मग त्यांतीलच एका मुलीनें विचारलें कीं गेल्या संमेलनांत कोणतें दार उघडें होतें? आठवून पाहतां असें दिसलें कीं बाजूच्या दाराबाहेर सायकली व बाबागाड्या लावलेल्या होत्या, आणि मोठ्या दाराचें एक फळकुट बक्षिसांच्या मेजासाठीं अडसर घालून बंद होतें. उरलें ०.९० मीटर. मिनिटास सुमारें ७४ माणसें. ८०० माणसांस जवळजवळ अकरा मिनिटें. शिवाय तें दार आंत उघडणारें. बक्षिसांचें मेज, आंत उघडणारें दार, अडसर! संडरलँडची हकीकत त्याच आठवड्यांत आम्हीं वर्गांत सांगितली होती. वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

दिवाळीच्या सुट्टींत सुताराकडून मोठ्या दाराच्या बिजागऱ्या बदलून घेतल्या आहेत. आतां तें बाहेर उघडतें. बक्षिसांचें मेज या वर्षीं व्यासपीठाच्या डाव्या अंगास राहील. पालकांनीं सायकली मैदानाच्या कुंपणाशीं लावाव्यात. बाबागाड्यांसाठीं विहिरीजवळच्या निंबाखालीं जागा आंखलेली आहे. तेथें नववीच्या दोन मुली बसतील, व प्रत्येक गाडीस अंक लिहिलेली चिठ्ठी बांधून तिची जोड आईच्या हातीं देतील.