बोलके हात

भाषा म्हटली की आपल्या मनात प्रथम येतो तो आवाज. आईची हाक, गुरुजींचे बोल, बाजारातील गलबला, कीर्तनकाराचे निरूपण हे सारे कानांवाटेच आपल्यापर्यंत पोहोचते. म्हणूनच ज्याला ऐकू येत नाही त्याला भाषाही नसणार, अशी समजूत शतकानुशतके जगभर रूढ होती. आपल्याकडे तर अशा माणसाला ‘मुका-बहिरा’ असे एका दमात म्हणण्याची चाल पडली. वस्तुतः जन्मतः बधिर असलेल्या बहुतेकांचा कंठ निर्दोष असतो. जे शब्द कधी कानी पडलेच नाहीत, ते उच्चारणे त्यांना कठीण जाते, इतकेच. शिवाय त्यांना मुके म्हणणे मुळातच चुकीचे आहे. कारण ते बोलतात. ते हातांनी बोलतात.

बधिरांच्या या बोलण्याला खूणभाषा किंवा सांकेतिक भाषा म्हणतात. तहान लागली म्हणजे ओंजळ तोंडाशी नेऊन दाखवावी, तसल्या हातवाऱ्यांचा हा खेळ असावा, असे पुष्कळांना वाटते. परंतु ही समजूत खरी नाही. मराठीत ‘काळ’ या शब्दातील एकच वर्ण बदलला की ‘बाळ’ किंवा ‘माळ’ असा निराळा शब्द होतो. खूणभाषेतही तसेच घडते. अमेरिकन खूणभाषेत पंजा पसरून अंगठा हनुवटीला टेकविला तर ‘आई’ असा अर्थ होतो. तोच पंजा तसाच ठेवून अंगठा कपाळाला टेकविला तर ‘वडील’ असा होतो. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल हे जणू या भाषेचे वर्ण होत. चेहऱ्यालाही तिच्या व्याकरणात स्थान आहे. भुवया उंचावल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. या भाषेत व्याख्यान देता येते, विनोद करता येतो, भांडता येते आणि कविताही रचता येते.

ही भाषा सर्व जगात एकच आहे असेही नाही. देशोदेशींच्या बधिरांच्या भाषा निरनिराळ्या आहेत. इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी बोलतात. पण तेथील बधिरांच्या खूणभाषा एकमेकींहून इतक्या भिन्न आहेत, की एकीचे बोलणे दुसरीच्या माणसाला उमगत नाही. उलट अमेरिकन खूणभाषेचे नाते फ्रेंच खूणभाषेशी आहे. असे का झाले, हे समजण्यासाठी थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

अठराव्या शतकात पॅरिस नगरीत शार्ल-मिशेल द लेपे नावाचे एक धर्मोपदेशक राहत होते. दोन बधिर बहिणींना शिकविण्याच्या निमित्ताने त्यांचा या कार्यात प्रवेश झाला. बधिर माणसे आपसांत खुणांनी बोलतात हे त्यांनी पाहिले. ‘यांना आपली भाषा यावी’ असा आग्रह धरण्याआधी ‘आपण यांच्या खुणा शिकाव्या’ असे त्यांनी ठरविले. गुरूने शिष्यांपासून शिकावे, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. १७६०च्या सुमारास त्यांनी चालविलेल्या शाळेत गरीब मुलांना फी नव्हती. १७८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाल्यावर फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने १७९१ साली ती शाळा राष्ट्राची म्हणून आपल्याकडे घेतली.

या पॅरिसच्या शाळेतूनच लोराँ क्लेर्क हा बधिर शिक्षक तयार झाला. त्याच सुमारास अमेरिकेतील हार्टफर्ड गावी टॉमस गॅलॉडेट या तरुणाला शेजारच्या डॉक्टरांच्या बधिर मुलीच्या शिक्षणाची तळमळ लागली होती. तो १८१५ साली युरोपला गेला आणि पुढच्या वर्षी क्लेर्कला बरोबर घेऊन परतला. जहाजाचा प्रवास ५२ दिवस चालला. तेवढ्या अवधीत क्लेर्कने गॅलॉडेटला खुणा शिकविल्या व गॅलॉडेटने क्लेर्कला इंग्रजी शिकविले. १८१७ मध्ये या दोघांनी हार्टफर्डला शाळा काढली.

या शाळेत जी मुले आली, त्यांत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावरची मुलेही होती. या बेटाची हकीकत मोठी उद्बोधक आहे. तेथील काही घराण्यांत बधिरत्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. एकोणिसाव्या शतकात चिलमार्क नावाच्या गावात तर दर पंचवीस माणसांत एक माणूस बधिर असे. पण त्यामुळे गावाचे काहीच अडले नाही. कारण ऐकू येणारी माणसेही लहानपणापासून खूणभाषा शिकत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीतील सोबत्याशी खुणांनीच बोलत. बधिर माणसे इतरांप्रमाणेच लग्ने करीत, मासेमारी व शेती करीत आणि गावसभेत आपले मत मांडीत. पुढे बाहेरच्या गावांशी सोयरिकी वाढल्या, तसे बधिरत्व कमी होत गेले आणि १९५२ मध्ये तेथील अशा शेवटच्या व्यक्तीचे निधन झाले. परंतु या बेटाने एक गोष्ट जगाला दाखवून दिली. कानाचे उणेपण तेच. पण भोवतालचा समाज निराळा असेल, तर ते माणसाच्या वाटेत आडवे येत नाही.

फ्रान्समधून आलेल्या आणि अमेरिकेत आधीच चालू असलेल्या खुणांच्या मिलाफातून अमेरिकन खूणभाषा आकारास आली. १८६४ साली वॉशिंग्टन येथील बधिरांच्या संस्थेला महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी सही केली. टॉमस गॅलॉडेट यांचे पुत्र एडवर्ड हे या संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या मातुःश्री स्वतः बधिर होत्या. पुढे या महाविद्यालयास गॅलॉडेट यांचेच नाव देण्यात आले.

येथवर सारे सुरळीत चालले होते. परंतु १८८० साली इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. खुणांनी शिकविणे बंद करून मुलांना केवळ ओठ वाचावयास व तोंडाने बोलावयास शिकवावे, असा ठराव तेथे १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. ठराव करणारे लोक दुष्ट नव्हते. बधिर मुलांनी चारचौघांसारखे बोलावे, समाजात मिसळावे, अशीच त्यांची इच्छा होती. पण परिषदेस जमलेल्या १६४ प्रतिनिधींत बधिर किती होते? अवघा एक! ज्यांच्या आयुष्याचा निर्णय होत होता, त्यांना कोणी विचारलेच नाही.

या ठरावाचे परिणाम दूरवर झाले. देशोदेशींच्या शाळांतून खूणभाषा हद्दपार झाली. बधिर शिक्षकांच्या जागा गेल्या. अनेक ठिकाणी मुलांनी खुणा करू नयेत म्हणून त्यांच्या हातांवर छड्या बसल्या, कोठे हात बांधूनही ठेवण्यात आले. आता, केवळ ओठांवरून शब्द ओळखणे किती अवघड आहे ते पाहा. आरशासमोर उभे राहून आवाज न करता ‘पार’, ‘बार’, ‘भार’ आणि ‘मार’ हे शब्द म्हणून पाहिले, तर चारही वेळा ओठ सारखेच मिटतात व सारखेच उघडतात. असा एकेक शब्द घोटण्यात मुलांची वर्षे जात आणि भूगोल, गणित, इतिहास हे विषय मागे पडत. तथापि भाषा मात्र मेली नाही. वर्गात जिला मज्जाव होता, ती वसतिगृहात दिवे मालवण्यापूर्वी मुलांच्या हातांवर पुन्हा प्रकट होई. थोरल्या मुलांकडून धाकट्यांनी ती उचलावी, अशी परंपरा चालू राहिली.

पुढे १९६० साली विल्यम स्टोकी या प्राध्यापकांनी या भाषेची रचना शास्त्रीय पद्धतीने मांडून दाखविली. ते गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत. विद्यार्थ्यांच्या खुणांकडे पाहता पाहता त्यांना त्यांत नियम दिसू लागले. १९६५ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह या भाषेचा कोश प्रसिद्ध केला. त्या सहकाऱ्यांपैकी दोघेही बधिर होते. प्रारंभी या कार्याची उपेक्षा झाली. पण हळूहळू विद्वानांची खात्री पटली आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे स्वतः बधिरांना आपल्या भाषेचा अभिमान वाटू लागला.

या स्वाभिमानाची कसोटी १९८८ च्या मार्च महिन्यात लागली. गॅलॉडेटला तोवर विद्यापीठाचा दर्जा मिळालेला होता. नवा अध्यक्ष निवडावयाचा होता. स्थापनेपासूनच्या १२४ वर्षांत एकही बधिर व्यक्ती त्या पदावर आलेली नव्हती. अखेरच्या यादीत तीन नावे होती. त्यांपैकी दोन उमेदवार बधिर होते. परंतु ६ मार्चच्या सायंकाळी नियामक मंडळाने तिसऱ्या उमेदवाराची, म्हणजे ऐकू येणाऱ्या एका विदुषींची निवड जाहीर केली. त्या अनुभवी प्रशासक होत्या. मात्र त्यांना खूणभाषा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे दरवाजे रोखून धरले. त्यांनी चार मागण्या पुढे केल्या : अध्यक्ष बधिर असावा, मंडळाच्या प्रमुखांनी पद सोडावे, मंडळात बधिरांचे मताधिक्य असावे, आणि चळवळीत भाग घेणाऱ्या कोणावरही सूड उगवला जाऊ नये. चार विद्यार्थी पुढारी झाले. शिक्षक व माजी विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले. ११ मार्च रोजी सुमारे अडीच हजार लोक अमेरिकेच्या संसदभवनावर चालत गेले. तेथे जमावातील बहुसंख्य लोक आपले म्हणणे हातांनी सांगत होते. आपण कधीच न ऐकलेले हे बोलणे त्या आठवड्यात साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले.

आठवडा संपण्यापूर्वीच नव्या अध्यक्षांनी राजीनामा दिला होता. १३ मार्च रोजी उरलेल्या मागण्याही मान्य झाल्या. मंडळाच्या प्रमुखपदी फिल ब्रेव्हिन ही बधिर व्यक्ती आली आणि आय. किंग जॉर्डन हे विद्यापीठाचे पहिले बधिर अध्यक्ष झाले. जॉर्डन यांना एकविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातानंतर ऐकू येईनासे झाले होते. ऐकणे सोडून बधिर माणूस इतर काहीही करू शकतो, असे ते सांगत. या विजयाने अन्य अपंगांच्या चळवळीसही बळ मिळाले आणि २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांविरुद्धच्या भेदभावास बंदी करणारा व्यापक कायदा झाला. मिलानचा ठराव मात्र आणखी बरीच वर्षे तसाच राहिला होता. २०१० साली व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने तो फेटाळला आणि त्यातून झालेल्या हानीबद्दल खेद प्रकट केला. एक चूक मान्य होण्यास १३० वर्षे लागली.

भारतात बधिरांसाठी शाळा सुरू झाली ती प्रथम मुंबईत, १८८५च्या सुमारास. आपल्या शाळांतही पुढे दीर्घकाळ ओठांवरून वाचण्यावर व तोंडी बोलण्यावरच भर राहिला. परंतु शाळा, वसतिगृहे व बधिरांची मंडळे यांतून भारतीय खूणभाषा वाढत गेली. तिचे व्याकरण मराठीचे नव्हे, हिंदीचे नव्हे आणि इंग्रजीचेही नव्हे. ते तिचे स्वतःचे आहे. तिच्यात ‘कोठे’, ‘काय’ यांसारखा प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ५० लाखांहून अधिक लोकांना ऐकण्याचे अपंगत्व असल्याची नोंद झाली. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारास मान्यता दिली. या करारात खूणभाषेचा ‘भाषा’ म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. त्याला अनुसरून २०१६ साली आपल्याकडे नवा कायदा झाला. त्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी ४ टक्के जागा राखून ठेवल्या आणि त्यांतील १ टक्का बधिर व कमी ऐकू येणाऱ्यांना दिला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय खूणभाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र स्थापन झाले. त्याने तयार केलेल्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयात एका बधिर महिला वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने, खूणभाषेत काम चालविले. न्यायदेवतेच्या दरबारात हातांचे बोलणे प्रथमच अशा रीतीने नोंदले गेले.

आज अनेक बधिर माणसे स्वतःला रोगी किंवा दुबळी न समजता एका भाषेचे वारसदार समजतात. इंग्रजी लिहिताना आपल्या समाजाच्या नावाचे पहिले अक्षर ती मोठ्या लिपीत लिहितात, जसे एखाद्या देशाच्या लोकांचे लिहावे. काही जण श्रवणयंत्र वापरतात, काही बोलावयासही शिकतात. ती ज्याची त्याची निवड होय. आक्षेप आहे तो इतरांनी परस्पर निवड करण्यास. ‘आमच्यावाचून आमच्याविषयी काहीही नको’ असे अपंगांच्या चळवळीचे जगभर घुमलेले घोषवाक्य आहे, त्याचा अर्थ हाच. 

अपंगांना दया दाखवावी, असे आपण पुष्कळदा ऐकतो. दया चांगली खरी. पण दया करणारा वर असतो आणि ती घेणारा खाली. हक्काचे तसे नाही. तो दोघांनाही एकाच पातळीवर आणून उभे करतो. बधिरांच्या सभेत टाळ्या वाजत नाहीत. दोन्ही हात उंच करून पंजे हलविले जातात. अशा सभेत जाण्याचा योग आला, तर ऐकू येणाऱ्या पाहुण्यालाच ती भाषा येत नसते आणि दुभाष्याची गरज त्यालाच लागते. तेथे उणे कोणात आहे, हे मग ज्याचे त्यानेच ठरवावे. आपल्या शाळेत किंवा शेजारी असा एखादा सोबती असेल, तर त्याच्याकडून ‘नमस्कार’, ‘तुझे नाव काय?’ एवढे तरी हातांनी म्हणावयास शिकता येईल. मार्थाज व्हिनयार्डच्या कोळ्यांनीही सुरुवात याहून मोठी केली नसेल.