किंमत मोटारीची, तशीच खोक्याचीही

ब्रिटनच्या 'कॉर्गी टॉईज'ने १९६५ साली अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-५ मोटारीचे छोटे मॉडेल बाजारात आणले. हीच मोटार १९६४ च्या 'गोल्डफिंगर' चित्रपटात होती. जस्ताचा मिश्रधातू वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरला, की सांगाडा तयार. चित्रपटातली मोटार चंदेरी, मॉडेल मात्र सोनेरी. कळ दाबताच छप्पर उघडते आणि आतला छोटा माणूस बाहेर उडतो.

जुना नग घेताना जाणकार मूळ रंग, तो माणूस आणि मूळ खोका पाहतात. नवा रंग दिला की भाव उतरतो. नकली खोकेही विकले जातात. म्हणून आम्ही सांगतो, खोका जपा आणि विकताना मालातला ऐब आधी सांगा. ऐब लपवून केलेला सौदा गिऱ्हाईक तोडतो.